करारवाढीविना प्लॅनबदल (अमेरिका)

चालू करार संपण्याची तारीख तीच ठेवून मोबाइल सेवेचा मासिक प्लॅन वरचा किंवा खालचा घेणे. अमेरिकेतील पोस्टपेड ग्राहकांना ही मुभा सर्रास मिळू लागली ती 2007 च्या अखेरीपासून. त्याआधी महिन्याची मिनिटे नुसती वाढवून घेतली, तरी अनेकदा एक किंवा दोन वर्षांचा करार त्या दिवसापासून नव्याने मोजला जाई. त्यासाठी कागदावर सही लागेच असे नाही. कॉल सेंटरवर फोनवरून दिलेला तोंडी होकारही पुरे.

कराराचे मूळ हँडसेटमध्ये होते. कंपनी फोन फुकट किंवा बऱ्याच कमी किमतीत देई आणि तो खर्च पुढच्या बिलांतून वसूल करी. ग्राहक मध्येच सोडून गेला तर उरलेली रक्कम बुडू नये, म्हणून मुदतीआधी सेवा बंद केल्याचे शुल्क आकारले जाई. ते दर नंबरमागे साधारण 150 ते 200 डॉलर असे. इथवरचा व्यवहार रास्त म्हणता येईल. प्लॅन बदलताना मात्र कंपनी नवा फोन देत नव्हती, नोंद बदलण्यापलीकडे तिला फारसा खर्चही नव्हता, आणि तरीही ग्राहकाची मुदत वाढत होती. फोनच्या किमतीशी या वाढीचा काही संबंध नव्हता. गिऱ्हाईक बांधून ठेवणे एवढाच तिचा उपयोग होता, आणि म्हणून ती अन्यायाचीच होती. 24 नोव्हेंबर 2003 पासून अमेरिकेच्या मोठ्या शहरी भागांत नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. नंबर जाण्याची भीती गेल्यावर ग्राहकाला अडवणारे मुख्य कारण उरले ते हा करारच.

सप्टेंबर 2007 मध्ये सिनेटर एमी क्लोबुशार आणि जे रॉकफेलर यांनी मोबाइल ग्राहकांच्या हक्कांविषयीचे विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही, पण दबाव निर्माण झाला. ऑक्टोबरमध्ये व्हेरायझन आणि एटी अँड टी या कंपन्यांनी करार न वाढवता प्लॅन बदलू देण्याचे जाहीर केले. स्प्रिंट आणि टी-मोबाइल यांनीही तोच मार्ग धरला. याच सुमारास शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. व्हेरायझनने 2006 च्या अखेरीस तिची सुरुवात केली होती: 175 डॉलरमधून पूर्ण झालेल्या दर महिन्यामागे 5 डॉलर वजा. या हिशेबाने दोन वर्षांच्या करारातले 23 महिने भरून झाल्यावरही 60 डॉलर उरतच.

मुदत वाढली नाही, तरी प्लॅन कोणत्या तारखेपासून बदलतो याला फार महत्त्व असे. बिलाच्या महिन्याच्या मधोमध बदल केला, तर भाडे आणि मिनिटे दोन्ही दिवसांच्या प्रमाणात वाटली जात. समजा, 450 मिनिटांचा प्लॅन असलेल्या ग्राहकाने 15 दिवसांत 400 मिनिटे वापरली आणि सोळाव्या दिवशी 900 मिनिटांचा प्लॅन घेतला. पहिल्या पंधरवड्याच्या वाट्याला 225 मिनिटेच येतात. उरलेली 175 मिनिटे जादा धरली जातात. जादा मिनिटाचा दर 45 सेंट असेल, तर बिलात 78.75 डॉलरची भर पडते. म्हणजे जादा बिल टाळण्यासाठी केलेला बदलच ते बिल अंगावर आणतो. यावर उपाय दोन: नवा प्लॅन बिलाच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून मागील तारखेने लागू करून घेणे, किंवा तो पुढच्या बिलापासून सुरू करणे. मिनिटे कमी करायची असल्यास बहुधा दुसराच मार्ग सोयीचा पडे.

काही बदलांनी करार पुढेही वाढतच असे. सवलतीत नवा हँडसेट घेणे हे त्यांतले प्रमुख कारण. फॅमिली प्लॅनमध्ये जोडलेल्या नव्या नंबरला स्वतःची वेगळी मुदत लागे; त्यामुळे एकाच घरातल्या चार फोनांचे करार चार निरनिराळ्या महिन्यांत संपत. शिवाय कंपनीने विक्रीतून काढून टाकलेला जुना स्वस्त प्लॅन एकदा सोडला, की तो सहसा परत मिळत नसे. म्हणून बदलापूर्वी प्रत्येक नंबरच्या कराराची अखेरची तारीख विचारणे आणि बदलानंतर ती लेखी तपासून घेणे आवश्यक ठरे.

मार्च 2013 मध्ये टी-मोबाइलने सेवेचा वार्षिक करार बंद करून फोनची किंमत वेगळ्या हप्त्यांत घेण्यास सुरुवात केली. इतर मोठ्या कंपन्याही पुढच्या काही वर्षांत त्याच वाटेने गेल्या. एटी अँड टीने जानेवारी 2016 मध्ये दोन वर्षांचे सवलतीचे करार देणे थांबवले. त्यानंतर प्लॅन बदलल्याने मुदत वाढण्याचा प्रश्न फारसा उरला नाही. बांधिलकी मात्र पूर्ण गेलेली नाही. हँडसेटवरची सूट आता 24 ते 36 महिने दरमहा बिलात थोडी थोडी जमा होते आणि अनेक योजनांत ती ठरावीक प्लॅनपुरतीच असते. खालचा प्लॅन घेतल्यास उरलेली सूट बंद पडू शकते, फोनचे हप्ते तेवढे चालू राहतात.

भारतात बहुसंख्य ग्राहक प्रीपेड असल्याने असे करार मोठ्या प्रमाणावर रुजले नाहीत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या दरविषयक आदेशांत उलट दिशेची तरतूद आहे: प्लॅन घेतल्यापासून सहा महिने कंपनीने त्यातील दर वाढवू नयेत, ग्राहकाने मात्र त्या सहा महिन्यांतही हवा तेव्हा दुसरा प्लॅन घ्यावा, आणि त्याची विनंती लगेच किंवा पुढच्या बिलाच्या सुरुवातीपासून अमलात आणावी.