गोल्फ मैदाने : स्वरूप व रचना

गोल्फ खेळण्यासाठी योजिलेल्या विस्तीर्ण भूभागास गोल्फ मैदान किंवा ‘गोल्फ कोर्स’ असे म्हणतात. टेनिसचे अंगण किंवा क्रिकेटची खेळपट्टी कोणत्याही देशात ठराविक मापाचीच असावी लागते. गोल्फच्या मैदानाला असे बंधन नाही. चेंडू ज्यात घालावयाचा त्या खळग्याचा व्यास (१०·८ सेंमी.) तेवढा नियमाने ठरलेला आहे. मैदानाची लांबी, रुंदी, चढउतार व त्यावरील अडथळे हे सर्व जमिनीवर आणि रचनाकाराच्या विचारावर अवलंबून असते. त्यामुळे दोन नामांकित मैदाने एकमेकांसारखी नसतात आणि त्यांची तुलना हा या खेळाच्या इतिहासाचाच एक भाग ठरतो.

मैदानाचे सामान्यतः अठरा खंड असतात. खळग्यावरून प्रत्येक खंडालाही ‘होल’ असेच म्हणतात. पहिला फटका ज्या जागेवरून मारतात ती ‘टी’, मधला कापलेल्या गवताचा पट्टा ‘फेअरवे’ आणि खळग्याभोवतीची बारीक गवताची जागा ‘ग्रीन’ होय. वाळूचे खड्डे (बंकर), ओढे, तळी व झुडपे हे अडथळे. या अडथळ्यांचा उपयोग कसा करावा, याविषयी रचनाकारांत दोन पक्ष पडले. चुकीच्या फटक्याला हटकून शिक्षा झालीच पाहिजे, असे एक पक्ष मानतो. दुसऱ्याच्या मते खेळाडूपुढे एकाहून अधिक वाटा ठेवाव्यात. धोक्याच्या जवळून जाण्याचे धैर्य दाखविणाऱ्याला पुढचा फटका सोपा जावा आणि सावधपणे लांबून जाणाऱ्याला तो अवघड पडावा. सेंट अँड्रूज, ओकमाँट आणि ऑगस्टा या तीन मैदानांच्या तुलनेतून हा मतभेद चांगला स्पष्ट होतो.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्रूज येथील ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान सर्वांत प्रख्यात आहे. समुद्र व शेतजमीन यांच्यामधील वालुकामय, लागवडीस निरुपयोगी अशा पट्ट्यास तेथे ‘लिंक्स’ म्हणतात. तेथे गोल्फ खेळण्याचा व इतर वापराचा नागरिकांचा हक्क आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने १५५२ च्या सनदेत मान्य केला होता. हे मैदान आजही सार्वजनिक मालकीचे आहे. रविवारी तेथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी फिरावयास येतात. मैदानाचा पट्टा गावापासून ईडन नदीच्या मुखाकडे जातो व तेथून परततो. पूर्वी जाताना आणि येताना तेच खळगे वापरीत. १७६४ मध्ये आरंभीच्या चार होलांचे दोन करण्यात आले, तेव्हा एका फेरीतील बावीस होलांचे अठरा झाले. हीच संख्या पुढे जगभर रूढ झाली. खेळणाऱ्यांची गर्दी वाढल्यावर ग्रीन रुंद करून त्यांवर दोन-दोन खळगे ठेवण्यात आले. अशी सात जोड-ग्रीन असून प्रत्येकावरील दोन होलांच्या क्रमांकांची बेरीज अठरा येते, ही एक मौजेची गोष्ट आहे.

या मैदानाला कोणी रचनाकार नाही, ते वारा, मेंढ्या व समुद्र यांनी घडविले, असे सांगण्याचा प्रघात आहे. ते अर्धेच खरे आहे. मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा घेतल्याने वाळूचे काही खड्डे तयार झाले असावेत. परंतु काटेरी झुडपे तोडून मूळचा अरुंद पट्टा रुंद केला तो माणसांनीच. पहिले व अठरावे ग्रीन टॉम मॉरिस (१८२१–१९०८) या मैदानरक्षकाने सिद्ध केले. मात्र कोणतीही एक योजना नजरेपुढे ठेवून ते आखले गेले नाही, हे खरे. आणि त्याचे वैशिष्ट्य नेमके यातच आहे. शंभराहून अधिक खड्ड्यांपैकी कित्येक टीवरून दिसतही नाहीत. काही तर मध्यभागी, सरळ फटक्याच्या वाटेवरच आहेत. डावीकडे जागा भरपूर असल्याने नवखा खेळाडूही सुखरूप जाऊ शकतो. पण तिकडून ग्रीन गाठणे बहुधा कठीण पडते. सतराव्या होलवर उजवीकडच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून चेंडू मारणाऱ्याला ग्रीनकडे सोयीचा कोन मिळतो. चुकल्यास चेंडू हद्दीबाहेर जातो. डावीकडून येणाऱ्याच्या आड एक खोल खड्डा येतो आणि ग्रीनच्या पलीकडे लगेच रस्ता आहे. वारा फिरला की या सर्व हिशेबांची उलटापालट होते.

ओकमाँट (पेनसिल्व्हेनिया) हे याच्या अगदी उलट टोकाचे मैदान. पिट्सबर्गचा पोलाद-उद्योजक हेन्री फाउन्स (१८५६–१९३५) याने १९०३ मध्ये ते आखले. त्याने दुसरे मैदान कधीच रचले नाही. पुढे त्याचा मुलगा विल्यम याने त्यात भर घातली. एखादा वाकडा फटका शिक्षेवाचून सुटलेला दिसला, की तेथे नवा खड्डा खणला जाई, असे सांगतात. जमीन चिकणमातीची असल्याने खोल खड्डे खणता येत नसत. म्हणून जड दात्यांच्या दंताळ्याने वाळूत सऱ्या पाडण्याची पद्धत काढण्यात आली. सरीत रुतलेला चेंडू पुढे मारणे जवळजवळ अशक्यच. ही रीत पुढे सोडून देण्यात आली. तथापि तिसऱ्या व चौथ्या होलांमधील विस्तीर्ण खड्ड्यात गवताचे समांतर बांध आजही आहेत. चर्चमधील बाकांच्या रांगांसारखे दिसत असल्याने त्यांना तेच नाव पडले आहे. ग्रीन अत्यंत वेगवान असून काहींचा उतार खेळाडूपासून दूर जाणारा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तेथे हजारो झाडे लावण्यात आली आणि मूळचे उघडे, वाऱ्याचे मैदान उद्यानासारखे झाले. १९९० नंतरच्या दशकात ती तोडण्याचे ठरले, तेव्हा सभासदांचा रोष टाळण्यासाठी कामगार पहाटेपूर्वी झाडे पाडून उजाडेपर्यंत खुणाही बुजवीत. एखाद्या मैदानाचे मूळ रूप परत मिळविण्यासाठी चोरपावलांनी काम करावे लागल्याचे असे उदाहरण विरळाच.

ऑगस्टा नॅशनल (जॉर्जिया) हे मैदान समुद्रापासून दूर, एका जुन्या रोपवाटिकेच्या उतारावर आहे. अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स (१९०२–७१) आणि ब्रिटिश रचनाकार ॲलिस्टर मॅकेन्झी (१८७०–१९३४) यांनी ते रचले. मॅकेन्झी मूळचा डॉक्टर. बोअर युद्धात शत्रूचे खंदक भूमीशी कसे एकरूप होतात हे त्याने पाहिले होते आणि कृत्रिम खड्डाही नैसर्गिक भासावा, हा धडा त्याने तेथूनच घेतला. १९२४ मध्ये त्याने ओल्ड कोर्सचा तपशीलवार नकाशा प्रसिद्ध केला. जोन्सचे त्या मैदानाशी नाते प्रथम वैराचे होते. १९२१ मध्ये अकराव्या होलवर हताश होऊन त्याने स्पर्धाच सोडली. १९२७ मध्ये तेथेच तो ‘ओपन’ स्पर्धा जिंकला आणि १९५८ मध्ये त्या नगराने त्याला मानाचे नागरिकत्व दिले. साहजिकच १९३२ मध्ये खेळासाठी खुल्या झालेल्या ऑगस्टाच्या मैदानावर सेंट अँड्रूजची छाया स्पष्ट होती. फेअरवे रुंद, खडे गवत जवळजवळ नाही आणि खड्डे मोजकेच, तिसाहून कमी. चौथा होल सेंट अँड्रूजच्या अकराव्यावरून आणि पाचवा सतराव्यावरून सुचलेला आहे. तेराव्या होलवर ओढ्यालगत फटका मारणाऱ्यास दुसऱ्याच फटक्यात ग्रीन गाठता येते. भित्र्याला तीन लागतात. पहिली स्पर्धा १९३४ च्या मार्चमध्ये झाली. मॅकेन्झी त्याच वर्षी जानेवारीत वारला होता. मैदान पूर्ण झालेले त्याने पाहिले नाही.

तत्त्व एक असले, तरी दोन्ही मैदानांची सामाजिक प्रकृती भिन्न आहे. ऑगस्टा हा खाजगी क्लब असून कृष्णवर्णीय सभासद तेथे प्रथम १९९० मध्ये आणि स्त्रिया २०१२ मध्ये घेण्यात आल्या. रचनेतही ते मूळ कल्पनेपासून हळूहळू दूर गेले. झाडे दाट झाली, खड्डे वाढले, काही भागांत गवत उंच ठेवण्यात आले. ज्या रुंदीतून निवडीचे स्वातंत्र्य येत होते ती आखडली.

सपाट जमिनीवर हे प्रश्न निराळ्या रीतीने सोडवावे लागतात. ब्रिटनबाहेरील सर्वांत जुना मानला जाणारा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब (स्थापना १८२९) याच्या सखल मैदानावर तळी हाच मुख्य अडथळा आहे. दिल्लीच्या मैदानाची आखणी ऑस्ट्रेलियन खेळाडू पीटर टॉमसन याने १९७६–७७ मध्ये नव्याने केली. जुन्या मकबऱ्यांमधून जाणाऱ्या तेथील फेअरवेंना दोन्ही बाजूंनी काटेरी रान खेटलेले असल्याने अचूकपणाला पर्याय नाही. वृत्तीने ते सेंट अँड्रूजपेक्षा ओकमाँटच्या जवळचे म्हणता येईल.

जुन्या मैदानांपुढील खरे संकट मात्र चेंडूचे आहे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा आणि विसाव्या शतकारंभी रबरी गाभ्याचा चेंडू आला, त्या प्रत्येक वेळी फटका लांबला आणि खड्ड्यांच्या जागा निरर्थक होऊ लागल्या. धातूच्या पोकळ काठ्या व नवे चेंडू यांनी हा वेग वाढविला. १९९७ मध्ये टायगर वुड्सने ऑगस्टा येथे बारा फटक्यांच्या फरकाने विजय मिळविल्यावर ते मैदान वारंवार लांबविण्यात आले. तेराव्या होलची टी मागे नेण्यासाठी क्लबने शेजारची जमीन विकत घेतली आणि २०२३ मध्ये तो होल सु. ४९८ मी. झाला. सेंट अँड्रूजला अशी सोय नाही. एका बाजूस गाव, दुसरीकडे खाडी. २०१० च्या स्पर्धेसाठी सतराव्या होलची टी सु. ३७ मी. मागे नेण्यात आली, ती मैदानाची हद्द ओलांडून शेजारच्या सराव-मैदानात. अखेर खेळाच्या दोन्ही नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूचाच पल्ला कमी करण्याचा निर्णय जाहीर केला.