गोळी सुरू करताना ती थांबवण्याचाही विचार

१९५७ मध्ये लिओ स्टर्नबाख यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत आवराआवर करताना एक दुर्लक्षित संयुग हाती लागले. चिंतेवरील औषध म्हणून ते १९६० मध्ये ‘लिब्रियम’ या नावाने बाजारात आले. पाठोपाठ १९६३ मध्ये ‘व्हॅलियम’. बार्बिट्युरेटांची अतिमात्रा जिवावर बेतत असे. त्या मानाने ही बेंझोडायझेपिने निर्धोक भासली. परंतु १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर यांनी धोका दाखवून दिला होता. अनेक महिने मोठ्या मात्रेत लिब्रियम घेणाऱ्या ११ रुग्णांचे औषध एकाएकी बंद करताच १० जणांत नवी लक्षणे उमटली आणि दोघांना झटके आले.

ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत, असा सल्ला ब्रिटनमध्ये १९८८ साली देण्यात आला. भारतात अल्प्राझोलम, डायझेपाम आदी औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याला तीन वर्षे जपावी लागते.

मात्र नोंदवहीला रुग्णाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. म्हणून पहिल्या गोळीआधीच मद्यपान, अफूजन्य वेदनाशामके, श्वसनविकार, गर्भधारणा यांविषयी डॉक्टरांना सांगावे आणि विचारावे: औषध किती दिवस घ्यायचे, आणि टप्प्याटप्प्याने कमी कसे करायचे? ते आधीच सुरू असल्यास स्वतःहून अचानक बंद करू नये.