इंजिनाच्या धुण्याची गोष्ट

मोटारीच्या इंजिनातील मळ हा साध्या धुळीचा थर नसून जळलेले वंगण, इंधनाची काजळी आणि धातूचा बारीक कीस यांचा उष्णतेने घट्ट झालेला लेप असल्यामुळे तो पाण्याने सुटत नाही. त्यासाठी तेल विरघळवणारा द्रव, म्हणजेच द्रावक, लागतो. आरंभीच्या काळात हे काम मोटारीच्याच टाकीतील पेट्रोलवर भागवले जाई, आणि पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होत असल्याने दिव्याची ज्योत किंवा साधी ठिणगी आगीला पुरेशी ठरे. १९२३पासून अमेरिकेत विकल्या जाऊ लागलेल्या पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळले गेले, तेव्हा त्याच द्रवाने हात धुणाऱ्यांपुढे दुसरे संकट उभे राहिले, कारण हे संयुग कातडीतूनही शरीरात शिरते. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २०००मध्ये थांबली.

आगीच्या भयावर पहिला व्यवस्थित उतारा मोटारधंद्याबाहेरून आला. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगसाठी अमेरिकेत १९२०च्या दशकात ‘स्टॉडर्ड सॉल्व्हंट’ घडवले गेले. ज्या तापमानाला द्रवाची वाफ क्षणभर पेट घेऊ शकते, ते म्हणजे त्याचा ज्वलनांक, या द्रावकाच्या बाबतीत ३८ अंशांच्या वर राखलेला होता. भारतीय बाजारातले मिनरल टर्पेंटाइन हे त्याचेच जवळचे भावंड असले, तरी आपल्याकडच्या मेस्त्रीचा भरवसा रॉकेलवरच राहिला, आणि आडवा कापलेला पत्र्याचा डबा, त्यात दोन बोटे रॉकेल व झिजका ब्रश हीच कैक गॅरेजांची धुलाईव्यवस्था होती. बिडाच्या भागांसाठी कॉस्टिक सोड्याचे उकळते पाणी याहून जालीम ठरे. मात्र चुकून अॅल्युमिनियमचा पिस्टन त्यात पडला, तर क्षार धातूलाच खाऊ लागून हायड्रोजन वायूचे बुडबुडे उसळत आणि भाग काळवंडून, खरबरीत होऊन बाहेर निघे.

ज्वलनशीलतेचा प्रश्न मुळापासून मिटवल्याचा दावा क्लोरीनयुक्त द्रावकांनी केला, आणि तो खोटाही नव्हता. कार्बन टेट्राक्लोराइड पेटत तर नसेच, उलट आग विझवण्याच्या पंपांतही ते भरले जाई. परंतु त्याची वाफ यकृत व मूत्रपिंडे यांना इजा करी, मद्यपान करणाऱ्यांना अधिकच, आणि तापलेल्या धातूवर पडून त्यापासून फॉस्जीन निर्माण होऊ शके, जो पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेलेला वायू. ‘सुरक्षित’ हे विशेषण त्या काळी बहुतेक वेळा ‘न पेटणारे’ एवढ्याच अर्थाने वापरले जाई, आणि फसगत नेमकी तिथे होती. त्याच्या तुलनेत सौम्य म्हणून पुढे आलेले १,१,१-ट्रायक्लोरोइथेन कामगारांना बरेच मानवले, पण ओझोनच्या थराला ते घातक ठरल्याने १९८७च्या माँट्रियल करारात १९९०मध्ये झालेल्या दुरुस्तीने तेही मोडीत निघाले.

क्लोरीन टाळण्याच्या या धडपडीत कॅलिफोर्नियात ब्रेक धुण्याच्या काही फवाऱ्यांमध्ये हेक्झेन आले. त्यातील एन-हेक्झेन शरीरात गेल्यावर त्यापासून बनणारे द्रव्य हातापायांच्या मज्जातंतूंना मारक असते, आणि मिश्रणात सोबत असणारे अॅसिटोन ही इजा वाढवू शकते. मोटारदुरुस्ती करणाऱ्या तरुणांच्या बोटांना मुंग्या येऊन बधिरपणा पसरत गेल्याच्या नोंदी अमेरिकी आरोग्ययंत्रणेने २००१मध्ये प्रसिद्ध केल्या. आता कोमट पाण्यात साबणासारखे द्रव्य मिसळून भाग धुणारी यंत्रे वापरात आहेत, आणि ती आग व विषारी वाफ या दोन्ही बाजूंनी बरी असली, तरी त्यांचे तेलमिश्रित पाणी गटारात ओतता येत नाही, शिवाय धुतलेला बिडाचा भाग लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवला नाही, तर थोड्याच वेळात त्यावर गंजाची तांबूस झाक धरते.