न्युम्युलाइट

न्युम्युलाइट हे फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांच्या गटातील, नाण्यासारख्या कवचांचे जीवाश्म आहेत. लॅटिन भाषेत ‘न्युम्युलस’ म्हणजे लहान नाणे. त्यावरून फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लामार्क यांनी १८०१ मध्ये या प्रजातीला ‘न्युम्युलाइट्स’ हे नाव दिले. पॅलिओसीन काळाच्या अखेरीस हे जीव अवतरले. इओसीन काळात (सु. ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वी) त्यांची सर्वाधिक भरभराट झाली व ऑलिगोसीन काळात त्यांचा ऱ्हास झाला. टेथिस महासागराच्या उष्ण व उथळ किनारी भागांत त्यांची कवचे इतक्या विपुल प्रमाणात साचली, की त्यांपासून चुनखडकांचे जाड थर तयार झाले.

रचना

कवच कॅल्साइटाचे असून त्याचा आकार भिंगासारखा किंवा चपट्या तबकडीसारखा असतो. मध्यभागी आद्यकोष्ठ असतो व त्याभोवती एकाच प्रतलात लहान कोष्ठांचे सर्पिल वेढे असतात. बहुतेक जातींत नवा वेढा आधीच्या वेढ्याला झाकून टाकतो. त्यामुळे अंतर्रचना पाहण्यासाठी कवचाचा छेद घ्यावा लागतो. बहुतेक कवचांचा व्यास काही मिमी. ते काही सेंमी. असतो, मात्र सर्वांत मोठ्या जातींत तो १० सेंमी.पेक्षाही अधिक असतो. एकपेशीय जीवांच्या मानाने हा आकार असाधारण आहे. ऑपर्क्युलिना व हेटेरोस्टेजिना या आजही जिवंत असलेल्या आप्तप्रजातींच्या पेशीत सूक्ष्म शैवले सहजीवी म्हणून राहतात व प्रकाशसंश्लेषणाने अन्न पुरवतात. न्युम्युलाइटही असेच जगत असावेत, असे मानले जाते. म्हणून त्यांचे मूळ जागी साचलेले थर सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या उथळ समुद्राचे निदर्शक ठरतात.

द्विरूपता

एकाच जातीत दोन प्रकारची कवचे आढळतात. अलैंगिक प्रजननातून निर्माण होणाऱ्या पिढीचा आद्यकोष्ठ मोठा, पण कवच लहान असते. लैंगिक प्रजननातून निर्माण होणाऱ्या पिढीचा आद्यकोष्ठ अतिसूक्ष्म, पण कवच मोठे असते. हे संबंध लक्षात येण्यापूर्वी अशा जोड्यांतील दोन रूपांना अनेकदा दोन स्वतंत्र जातींची नावे दिली गेली होती.

आढळ

ईजिप्तमधील गीझा येथील पिरॅमिड ज्या चुनखडकांनी बांधले आहेत, त्यांत न्युम्युलाइट्स गिझेहेन्सिस ही जाती विपुल आढळते. पिरॅमिडांजवळ विखुरलेले मसुरीच्या दाण्यांसारखे खडे म्हणजे मजुरांच्या उरलेल्या अन्नाचे दगड झालेले अवशेष होत, ही समजूत ग्रीक भूगोलवेत्ता स्ट्रेबो याने नोंदवून ठेवली आहे.

भारतीय उपखंडात कच्छ, मेघालय, सिंध, मिठाच्या टेकड्या (पंजाब, पाकिस्तान) व हिमालय येथे न्युम्युलाइटयुक्त खडक आहेत. उपखंडातील न्युम्युलाइटी खडकांच्या जीवाश्मांचे सविस्तर वर्णन दार्शियाक व एम यांनी १८५३ पासून प्रसिद्ध केले. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली असलेल्या इओसीन चुनखडकांतही हे जीवाश्म आढळतात. वसई तेल-वायुक्षेत्रातील साठे याच खडकांच्या गटात आहेत.

महत्त्व

न्युम्युलाइटांच्या जाती अल्प काळात बदलत गेल्या आणि त्यांचा प्रसारही विस्तृत होता. त्यामुळे दूरदूरच्या खडकांची तुलना करून त्यांचे वय ठरवण्यास ते उपयोगी पडतात. पॅलिओसीन व इओसीन काळांतील उथळ सागरी थरांची १९९८ मध्ये २० पट्ट्यांत विभागणी करण्यात आली. ती मुख्यतः न्युम्युलाइट, अल्व्हिओलिना यांसारख्या मोठ्या फोरॅमिनिफेरांवर आधारलेली आहे.

हिमालयाच्या इतिहासात या जीवाश्मांना विशेष स्थान आहे. लडाखमधील झांस्कर भागात आज समुद्रसपाटीपासून हजारो मीटर उंचीवर पूर्व-इओसीन काळातील न्युम्युलाइटयुक्त चुनखडक आढळतात. त्यांच्यावर भूखंडीय स्वरूपाचे तांबडे थर आहेत. भारतीय व आशियाई भूपट्टांमधील समुद्र येथून सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी हटला, या निष्कर्षाचा एक प्रमुख आधार या सर्वांत वरच्या सागरी थरांतील जीवाश्मांचे वय हा आहे.

मात्र हा पुरावा तपासून घ्यावा लागतो. जुन्या खडकांतून झिजून सुटलेली कवचे प्रवाहाबरोबर वाहत जाऊन नव्या गाळात मिसळू शकतात. अशी कवचे गृहीत धरल्यास थराचे वय प्रत्यक्षापेक्षा जास्त ठरते आणि समुद्र नसलेल्या ठिकाणीही तो होता असा समज होऊ शकतो. म्हणून कवचांची झीज, मोडतोड, दोन्ही रूपांचे परस्पर प्रमाण व सोबतचे इतर जीवाश्म पाहूनच निष्कर्ष काढले जातात.

ऱ्हास

इओसीन काळाच्या अखेरीस अंटार्क्टिकावर मोठे हिमस्तर तयार झाले, हवामान थंड झाले व समुद्रपातळी खालावली. तोपर्यंत मोठ्या आकाराच्या बहुतेक जाती नष्ट झाल्या होत्या. न्युम्युलाइट्स फिक्टेली यांसारख्या मोजक्या जाती ऑलिगोसीन काळात टिकून राहिल्या. कच्छमधील मणियारा किल्ला शैलसमूहात त्यांचे जीवाश्म मिळतात.