गरिबाचें तिकीट

नंदुरबार हें तापीच्या खोऱ्यांतील जुनें व्यापारी गांव. १९९८ पासून तें स्वतंत्र जिल्ह्याचें ठाणें आहे. सुरतेहून निघालेली तापी व्हॅली रेल्वे एकोणिसावें शतक सरतां सरतां येथें पोहोंचली व पुढें अमळनेरपर्यंत गेली. खानदेशच्या कापसाला तिचा मोठा उपयोग झाला. परंतु मालामागोमाग माणूसहि निघतोच. सातपुड्यांतील भिल्ल व पावरा मजूर आज याच दिशेनें गुजरातेंत ऊसतोडीस आणि बांधकामास जातात. अशा माणसाला परवडेल असें तिकीट कसें द्यावें आणि त्यांतील तूट कोणीं सोसावी, हा प्रश्न आपल्याकडे रेल्वेइतकाच जुना आहे.

१८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें गाडी सुरू झाली, तेव्हां तिसऱ्या वर्गास मैलीं तीन पै भाडें होतें. म्हणजे २१ मैलांस पांच आणे तीन पै. पहिल्या वर्गाचा उतारू त्याच अंतरास दोन रुपये दहा आणे देई. हिंदी लोक गाडींत बसतील कीं नाहीं, याची विलायतेंत कित्येकांस शंका होती. झालें उलटेंच. तिसऱ्या वर्गाचीच गर्दी लोटली आणि उतारूंपासून होणाऱ्या उत्पन्नाचा मोठा वांटा त्यानेंच दिला.

तरीहि तीन पै कित्येकांस जड होत्या. १८७४ च्या सुमारास जी. आय. पी. कंपनीनें यावर एक उपाय काढला. तिनें चौथा वर्ग सुरू केला: भाडें कमी, पण डब्यांत बसावयास बांकच नाहीं! सूट दिली खरी, परंतु ती उतारूच्या पायांकडून वसूल केली. पुढें १८८५ च्या सुमारास त्या डब्यांत बांकें आलीं आणि चौथ्याचें नांव तिसरा झालें. १९१७ सालीं महात्मा गांधींनीं तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहितांना नेमकें हेंच मोजमाप लावलें. पहिल्या वर्गाचें भाडें तिसऱ्याच्या पांचपटींहून अधिक, मग तिसऱ्यास निदान पांचव्या हिश्शाची तरी सोय मिळते काय, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. तिसरा वर्ग १९७४ मध्यें गेला. गर्दी मात्र राहिली.

अक्कलकुवा नि धडगांवच्या डोंगरांत रेल्वे नाहीं. तेथें भिस्त एस. टी. वर. १ जून १९४८ रोजीं पुणें–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली. या सेवेंत सवलतींचा भार सरकारी तिजोरीनें उचलावयाचा, ही रीत रुजली आणि ती चौथ्या वर्गापेक्षां कितीतरी सुसंस्कृत आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस प्रवास विनामूल्य झाला. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट. शहाद्याच्या बाजारीं जाणाऱ्या बाईच्या पदरीं त्यामुळें चार पैसे उरतात, हें लहान काम नव्हे.

परंतु या सवलती वय पाहतात, स्त्री-पुरुष पाहतात. मिळकत पाहत नाहींत. बंगल्यांतील बाईस अर्धें तिकीट, तर तीस वर्षांच्या मजुरास पुरें! जानेवारी २०२५ मध्यें भाडें सुमारें १५ टक्क्यांनीं वाढलें, तें त्यानें सगळें सोसलें. शिवाय सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. नवापूरचें स्टेशन अर्धें महाराष्ट्रांत, अर्धें गुजरातेंत आहे. पाहणाऱ्यांस त्याची मौज वाटते. पण सुरतेकडे एस. टी. नें निघालेल्या मजुरिणीची सवलत त्याच सीमेवर संपते.

मिळकत पाहणारी एक योजना रेल्वेनें २००९ मध्यें काढली होती. तिचें नांव ‘इज्जत’ पास. महिना १५०० रुपयांपर्यंत प्राप्ति असणाऱ्यास २५ रुपयांत महिनाभर १०० किलोमीटरपर्यंत प्रवास. कल्पना उत्तम, पण ती रोज जाऊन-येऊन काम करणाऱ्यासाठीं होती. नंदुरबार ते सुरत हें अंतर दीडशे किलोमीटरांहून अधिक, आणि ऊसतोड्या वर्षांतून एकदां जातो व एकदां परततो, तोहि बिऱ्हाडासकट. त्याला मासिक पास काय करावयाचा? हंगाम लागला कीं मुकादमाचा ट्रक पाड्यावर येतो. उचल घेतलेलीं कुटुंबें त्यांत भांड्याकुंड्यांवर बसून सीमेपलीकडे निघतात.