प्लेगची झडती आणि घराचा उंबरा



रँडसाहेबाचे नाव आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पुण्यात प्लेग आला, रँडने जुलूम केला आणि चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. एवढी हकीकत सांगितली की धडा संपतो. पण वर्गात एखादा चौकस मुलगा हटकून विचारतो, "सर, साथ तर खरीच होती ना? मग सरकारने काय करायला पाहिजे होते?" मुलाचा प्रश्न रास्त आहे. सरकारने लोकांच्या आरोग्यासाठी कुठवर जावे, आणि लोकांनी त्याला कुठे थांबवावे, हा तो प्रश्न. आज आपण त्याचाच थोडा विचार करू.

आधी तो काळ डोळ्यांपुढे आणू. १८९६ साली पाऊस रुसला. इंदापूर आणि भीमथडी, म्हणजे आपला हा कऱ्हा-नीरेच्या काठचा मुलूख, आधीच अवर्षणाचा. दुष्काळाच्या कायद्याप्रमाणे शेतसाऱ्याची सूट मागता येते, हे सार्वजनिक सभेची माणसे खेडोपाडी सांगत हिंडत होती. अशात सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि चार दिवसांत माणूस जायचा. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत, वर्तमानपत्रे ग्रंथिक सन्निपात म्हणत. भेदरलेली माणसे आगगाडीने मुंबई सोडू लागली आणि त्यांच्या मागोमाग रोग पुण्याला आला.

सरकारने घाईने एक कायदा केला. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथीच्या रोगांचा कायदा. तो जेमतेम चार कलमांचा. साथ आवरण्यासाठी सरकारला जे जरूर वाटेल ते करता येईल. हुकूम मोडील त्याला शिक्षा होईल. आणि सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. मथितार्थ एवढाच. रोग्याला औषधपाणी मिळालेच पाहिजे असे मात्र त्यात कुठे लिहिलेले नाही. प्रजेने काय सोसायचे ते कायद्यात आले, सरकारने प्रजेचे काय देणे लागते ते आले नाही. पुढच्या सगळ्या तंट्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

पुण्याच्या प्लेग कमिटीवर मुख्य म्हणून वॉल्टर रँड यांना नेमले. साताऱ्याकडे काम केलेले, कडक म्हणून ख्याती असलेले हे अधिकारी. मार्च १८९७ पासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडती घेऊ लागल्या. रोगी सापडला की त्याची रवानगी इस्पितळात, घरच्यांची शहराबाहेरच्या छावणीत. घरातले कपडेलत्ते जाळायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना लावायचा. सभ्यतेने वागा, बायामाणसांचा मान राखा, अशा सूचना कागदावर होत्या. पण मराठीचा एक शब्द न कळणारा बंदूकवाला शिपाई माजघरात शिरला म्हणजे कागदावरची सभ्यता कागदावरच राहते. देवघर बाटले, चीजवस्त गेली, बायकांना उघड्यावर उभे करून तपासले, अशा तक्रारी येऊ लागल्या. हा प्रकार मेपर्यंत चालला.

आता या झडतीला विरोध कुणी केला ते नीट पाहा. आपण सगळ्यांना एकाच माळेत ओवतो आणि तिथेच गफलत होते.

पहिला वर्ग सनातन्यांचा. सोवळेओवळे, जातपात, घरची रीत यांना सरकारने हातच लावू नये, हे त्यांचे म्हणणे. सरदार नातू बंधू या पक्षातले. चापेकरही याच मताचे कडवे तरुण; मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासले ते त्यांनीच, आणि समाजसुधारकांवरही त्यांचा तितकाच राग. दुसरा वर्ग हक्काचा विचार करणाऱ्यांचा. त्यांचा सवाल असा, की आमच्या संमतीशिवाय, आमच्यातल्या जाणत्यांना न विचारता, दाद मागायची सोय न ठेवता सरकार घरात शिरते ते कोणत्या अधिकाराने? तिसरा वर्ग सर्वांत मोठा, म्हणजे भ्यालेल्या साध्या माणसांचा. त्यांना एवढेच दिसत होते की इस्पितळात नेलेला माणूस बहुधा परत येत नाही. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले आणि मार्च १८९८ मध्ये एका मुसलमान विणकराच्या घरच्या आजारी मुलीवरून मोठा दंगा झाला. तेव्हा हा विरोध फक्त पुण्याच्या पेठांतला होता असे समजू नये.

टिळकांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. शहरातली पुढारी मंडळी गाव सोडून गेली तेव्हा ते पुण्यात राहिले. प्लेगवर उपाय नकोत, असे त्यांनी म्हटले नाही. रोग्याला वेगळे ठेवले पाहिजे हे त्यांना मान्य होते आणि त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप सोजिरांना होता, बेमुर्वत रीतीला होता. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्याच्या हीरक महोत्सवाच्या दिवशी, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला; रँड ३ जुलैला वारला. नातू बंधूंना चौकशीविना स्थानबद्ध केले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. चापेकर बंधू आणि रानडे पुढे फाशी गेले.

गोखले तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात बायकांवरच्या अत्याचारांची गोष्ट काढली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. तो उभा करता आला नाही आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पण विचार करा, अशा गोष्टीचा पुरावा द्यायला कोण येणार? आपली अब्रू गेली असे त्या काळातली कुठली बाई चव्हाट्यावर येऊन सांगणार? पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात प्लेगच्या इस्पितळाच्या कारभारावर टीका केली होती, आणि रमाबाई काही सनातनी नव्हत्या. पुरावा नाही म्हणजे घडलेच नाही, असा निकाल इतिहासाच्या अभ्यासकाने घाईने देऊ नये.

इथे थोडे मागे, १८९१ सालाकडे जाऊ. त्या वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. बाल-पत्नीशी शरीरसंबंधाचे किमान वय दहाचे बारा झाले. त्यामागे बंगालमधल्या फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू होता. आपल्याकडे त्या आधी रखमाबाईंचा खटला गाजला होता. लहानपणी लावलेले लग्न मानायला नकार देणाऱ्या याच रखमाबाई पुढे विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. संमतिवयाच्या कायद्यालाही पुण्यातून कडाडून विरोध झाला, आणि शब्द तेच होते: सरकारने आमच्या घरात डोकावू नये. सुधारणा आमच्या आम्ही करू, परक्या सरकारच्या कायद्याने नको, असे टिळक म्हणाले. रामकृष्णपंत भांडारकर आणि न्यायमूर्ती तेलंग यांनी कायद्याची बाजू घेतली.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवा. घोषणा एक, पण घरातली गोष्ट एक नाही. १८९७ मध्ये सरकार आत शिरले आणि घरातल्या बाईची विटंबना झाली. १८९१ मध्ये सरकार बाहेर राहिले असते तर घरातल्या मुलीच्या जिवावर बेतत राहिले असते. "आमचे घर" म्हणणारा बहुधा कर्ता पुरुष असतो. त्या घरात सून असते, पोर असते, आजारी म्हातारी असते. सरकार आत आले तर त्यांचे काय होते आणि आले नाही तर काय होते, हे विचारल्यावाचून अशा विरोधाची पारख होत नाही. मला तरी हीच खरी कसोटी वाटते.

दुसरी एक गोष्ट. १८९७ मध्ये सरकारने सक्ती केली ती पुऱ्या ज्ञानावर केली होती काय? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिनने शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे रँडला माहीत नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू तो पोचवते, असे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवले. त्याच्यावर लवकर कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्के ठरले. म्हणजे सोजीर माणसे हुडकत होते, कपडे जाळीत होते, आणि खरा वैरी घुशी-उंदरांच्या बिळात सुखरूप होता.

आणि खेड्यातला माणूस काय करीत होता? घरात उंदीर मरून पडले की गाव उठायचे. माळावर, रानात खोपी घालून राहायचे. मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेणारी आपली भोळी माणसे. पण राहते घर सोडण्याचा हा त्यांचा शहाणपणा शास्त्राला धरून होता. पुढे प्लेग कमिशननेही गाव खाली करणे हा चांगला उपाय मानला. अडाणी म्हणून ज्याला कुणी विचारले नाही, त्याच्याजवळ अर्धे उत्तर होते.

तरी लोकांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणणार नाही. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस पुरती निर्धोक नव्हती, पण जीव वाचवणारी होती. अफवांनी आणि सक्तीच्या जुन्या आठवणींनी लोक तिच्यापासून दूर राहिले. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी दूषित लसीने एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा तर अविश्वासाला बळच आले. पुढची वीस-बावीस वर्षे प्लेग हिंदुस्थानात ठाण मांडून बसला. त्यात मेलेल्यांचा आकडा एक कोटीच्या घरात जातो. जुलमाने विश्वास मोडला म्हणजे पुढच्या चांगल्या कामावरही त्याची सावली पडते, आणि मरतो तो गरीबच.

हा हट्ट आपल्याच लोकांचा, असेही मानू नका. इंग्लंडात देवी काढून घेण्याची सक्ती १८५३ पासून होती. तिच्याविरुद्ध १८८५ मध्ये लीस्टर शहरात हजारो लोक रस्त्यावर आले. अखेर १८९८ मध्ये तिथल्या पार्लमेंटने, ज्या आईबापांच्या मनाला पटत नसेल त्यांना सूट दिली. पुण्यात प्रजा ऐकत नाही म्हणून सोजीर, आणि विलायतेत ऐकत नाही म्हणून सवलत! फरक एवढाच की तिथल्या माणसाला मत होते.

मग मधला मार्ग नव्हता काय? होता. हडपसरजवळच्या माळावर डॉक्टर यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला. त्यांच्या आई सावित्रीबाई स्वतः रोगी आणीत. मुंढव्याच्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी दवाखान्यात आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोजिरांची झडती सुरू व्हायच्या त्या सुमाराची ही गोष्ट. रोग्याला घरातून हलवणे दोन्हीकडे होते. पण सावित्रीबाईंच्या हातात दंडुका नव्हता आणि जोखीम त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली होती. दंग्यांनंतर सरकारही नरमले. सक्ती सैल झाली, स्थानिक पुढाऱ्यांना हाताशी धरले जाऊ लागले, लस टोचणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहिले.

सरकार परके होते म्हणून हे घडले, आता आपले राज्य आहे, असे म्हणून सुटका नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, आपल्याच महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. आणि पोलिओचे पाहा. तिथेही सरकारची माणसे घरोघर आली, पुन्हा पुन्हा आली. पण येणारी गावातलीच बाई होती, पोराला नावाने हाक मारणारी. दोन थेंब पाजून बोटाला शाई लावून ती पुढच्या दारी गेली. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. १८९७ चा तो कायदा मात्र अजून आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत तोच बाहेर काढला आणि दुरुस्त केला गेला.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गाव नमुना नंबर १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, बहुतेक ठिकाणी मोडीत असते. तालुक्याच्या अभिलेख कक्षात चौकशी करा. मोडी वाचणारा एखादा जाणकार गाठा आणि प्लेगच्या वर्षांची पाने मुलांसमोर उलगडा. त्या साली आपला गाव कुठल्या माळावर जाऊन राहिला होता, हे घराघरातल्या थोरांना विचारायला सांगा. आणि उद्या आपल्या ग्रामसभेत आरोग्याचा एखादा नवा हुकूम आला, तर आंधळेपणाने हो म्हणू नका आणि रागाने नाहीही म्हणू नका. हे कशाच्या आधारावर सांगता, आमचे कुणाला विचारले, चूक झाली तर दाद कुठे मागायची, आणि नाही ऐकले तर घरातल्या कुणाच्या जिवावर बेतेल, एवढे चार प्रश्न उभे राहून विचारा. पुण्यात १८९७ साली हे प्रश्न विचारायला जागा ठेवली असती, तर रोगी लपवण्याची पाळी पुष्कळांवर आली नसती.