प्रवाळांच्या टाकीसाठी घरी बांधलेले मात्रायंत्र

समुद्री मत्स्यटाकीत दगडी प्रवाळ वाढीस लागले की टाकीतील पाण्याचा कस हळूहळू उतरू लागतो. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच, उभारतात आणि त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम व बायकार्बोनेट उचलतात. खुल्या समुद्राला या उचलीची जाणीवही होत नाही. शंभर लिटरच्या काचेच्या पेटीत मात्र दोन-तीन दिवसांतच ती चाचणीत दिसते. ही तूट रोज थोड्या थोड्या मात्रेने भरून काढणाऱ्या उपकरणाला मात्रायंत्र किंवा रूढ शब्दात डोसर म्हणतात. तयार डोसर महाग असतात आणि त्यांचे भाग सुटे मिळतात, म्हणून अनेक हौशी लोक ते घरीच बांधतात. यंत्र चालते करणे फारसे अवघड नाही. ते वेळेवर थांबेल याची तजवीज करण्यातच बांधणाऱ्याची परीक्षा असते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट असावी. भारतीय समुद्रातील दगडी प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. 2001 मध्ये त्यांचा पहिल्या अनुसूचीत समावेश झाला. मुरगावनजीकच्या ग्रांडे बेटाभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहेत. तेथून किंवा अन्य कोठूनही तुकडा उचलून टाकीत ठेवणे हा गुन्हा ठरतो. अशी टाकी ठेवू पाहणाऱ्याने जिवांच्या मुळाची कागदपत्रे आधी पाहावीत, यंत्राचा विचार मागाहून करावा.

नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे 410 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1290 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असते. बायकार्बोनेटचा साठा ‘क्षारता’ या नावाने मोजतात. हौशी मंडळी ती जर्मन अंशांत सांगतात. समुद्रात ती साडेसहा-सात अंश असते आणि टाकीत बहुधा 7 ते 9 अंशांच्या दरम्यान राखली जाते. हा आकडा किती आहे यापेक्षा तो स्थिर आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे. आठ अंशांवर सरावलेल्या प्रवाळाला एका रात्रीत बारा अंशांवर नेले तर त्याची पेशीत्वचा सांगाड्यावरून सुटू लागते, आणि सुटलेली त्वचा सहसा परत येत नाही.

मात्रा दोन द्रावणांत देतात. एकात खाण्याचा सोडा, दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराइड. जर्मनीतील हान्स-वेर्नर बॉलिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. हिशेब सोपा करायचा तर 84 ग्रॅम सोडा विरघळवून एकूण 1 लिटर द्रावण करावे; दुसऱ्या बाटलीत दोन जलरेणूंचे कॅल्शियम क्लोराइड 73.5 ग्रॅम घेऊन तितकेच द्रावण करावे. प्रवाळ ही द्रव्ये ज्या प्रमाणात वापरतात त्याच प्रमाणात ती या बाटल्यांत असल्याने दोन्हींची मात्रा सारखी राहते. पाणी आरओ-डीआय गाळणीचेच हवे. कॅल्शियम क्लोराइड हवेतील ओलावा झपाट्याने शोषते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या डब्याचे वजन विश्वासार्ह उरत नाही. त्यात औषधाबरोबर आकाशातले पाणीही तोलले जाते.

समजा, टाकीत प्रत्यक्ष पाणी 100 लिटर आहे आणि मात्रा न देता चार दिवस ठरावीक वेळी चाचणी केल्यावर क्षारता रोज अर्धा अंश घटते असे आढळले. वरील द्रावणांच्या हिशेबाने ही तूट भरण्यास दोन्हींचे प्रत्येकी सुमारे 18 मिलिलिटर लागतात. या व्यवहारात रोज सुमारे 1 ग्रॅम साधे मीठ पाण्यात शिल्लक राहते. म्हणून यंत्र बसवले तरी ठरावीक काळाने पाणी बदलणे चुकत नाही.

द्रव ढकलण्यासाठी पेरिस्टाल्टिक पंप वापरतात. आतडे जसे आकुंचनाच्या लाटेने अन्न पुढे सरकवते, तशी त्यातील फिरती रुळे मऊ नळी दाबत द्रव पुढे नेतात. द्रव केवळ नळीला स्पर्श करतो, यंत्राच्या धातूला नाही. डायलिसिसच्या यंत्रात रक्त फिरवणारा पंप याच जातीचा असतो. 12 व्होल्टवर चालणारा छोटा पंप मिनिटाला 40 मिलिलिटर देत असेल, तर दिवसाची 18 मिलिलिटर मात्रा 27 सेकंदांत संपते. ती चोवीस तासांत विभागायची म्हटली तर प्रत्येक हप्ता जेमतेम सव्वा सेकंदाचा होतो. इतक्या अल्प वेळात मोटर गती घेते न घेते तोच थांबते आणि माप बिघडते. त्यापेक्षा साडेचार सेकंदांचे सहा हप्ते बरे. अधिक बारीक माप हवे असल्यास स्टेपर मोटरचा पंप घ्यावा. त्यात वेळ मोजण्याऐवजी फेऱ्या मोजता येतात. दोन्ही द्रावणे मात्र एकाच वेळी सोडू नयेत. ती पाण्यात एकत्र आली की चुनखडीचा पांढरा ढग उठतो आणि औषध तळाशी जाऊन बसते. मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा.

नियंत्रणासाठी आर्डुइनो पुरतो. पंप चालू-बंद करणारा मॉस्फेट 5 व्होल्टवर पूर्ण उघडणारा असावा, उदाहरणार्थ आयआरएलझेड44एन. दुकानात सहज मिळणारा आयआरएफ520 त्या दाबावर अर्धवटच उघडतो आणि तापतो. मोटरच्या दोन टोकांवर उलट दिशेचा डायोड आणि मॉस्फेटच्या गेटपासून ऋण तारेपर्यंत 10 किलोओहमचा रेझिस्टर, हे दोन्ही रुपया-दोन रुपयांचे भाग आहेत. आर्डुइनो जागा होत असताना काही क्षण त्याचे बोट कोठेच नसते. त्या क्षणी पंप बंद ठेवण्याचे काम हा रेझिस्टर करतो.

वेळ सांभाळण्यासाठी डीएस3231 हे बॅटरीवर चालणारे घड्याळ जोडावे. ते वर्षाला सुमारे एका मिनिटापेक्षा अधिक चुकत नाही. त्याविना केवळ ‘चालू झाल्यापासून अमुक तासांनी मात्रा’ असा कार्यक्रम लिहिला, तर खंडित वीज परतल्यावर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ‘सुरू होताच एक मात्रा’ असे लिहिले असेल, तर गत त्याहून वाईट. मृगाच्या वादळी दुपारी वीज दहा वेळा गेली आणि आली, तर दहा मात्रा पडतात. यासाठी शेवटच्या मात्रेची वेळ आणि दिवसभराची बेरीज आर्डुइनोच्या कायम स्मृतीत नोंदवावी, आणि पंप सुरू करण्यापूर्वी कार्यक्रमाने ती वाचावी.

एवढे करूनही मॉस्फेट जळू शकतो, आणि जळताना तो बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. रिलेचे स्पर्शबिंदूही चिकटतात. अशा वेळी कार्यक्रम कितीही निर्दोष असला तरी पंप फिरतच राहतो. सोड्याची 1 लिटरची भरलेली बाटली पंचवीस मिनिटांत टाकीत उतरली, तर क्षारता 28 अंशांनी चढते. टाकीत काहीही जिवंत राहण्याची आशा मग धरू नये. काहीजण पंपाच्या विजेवर वेगळा यांत्रिक टाइमर लावतात. पण त्याचा लहानात लहान टप्पा पंधरा मिनिटांचा असतो, आणि तेवढ्या वेळात 600 मिलिलिटर जातात. खात्रीचा उपाय विजेत नसून बाटलीत आहे. यंत्राला जोडलेल्या बाटलीत एका आठवड्याचेच, म्हणजे 126 मिलिलिटर द्रावण ठेवावे. तेवढे सगळे एकदम गेले तरी क्षारता साडेतीन अंशांनी चढेल. प्रवाळ दुखावतील, पण टाकी वाचू शकेल. मोठी बाटली भरून दोन महिने निर्धास्त राहण्याची सोय या हिशेबात फार महाग पडते. कॅल्शियमची बाटली तुलनेने सौम्य आहे. तिचे 126 मिलिलिटर गेले तर दर लिटरमागे केवळ 25 मिलिग्रॅम वाढतात.

नळीचे तोंड पाण्यात बुडवू नये. झिजलेल्या नळीवर रुळांचा दाब ढिला पडला की सायफन सुरू होऊ शकतो. बुडालेल्या टोकाला क्षाराचे खडेही धरतात. तोंड पाण्याच्या वर, वेगवान प्रवाहाच्या जागी, आणि बाटली टाकीच्या पातळीखाली असावी.

याच कामाला जुना पर्याय चुन्याच्या निवळीचा आहे. जुन्या घरांत लहान मुलांना चमचाभर पाजत तीच ही निवळी. प्रवाळवाले तिला जर्मन नावाने काल्कवासर म्हणतात. तिच्यात कॅल्शियम व क्षारता दोन्ही योग्य प्रमाणात येतात आणि मीठ साचत नाही. पण लिटरभर पाण्यात चुना जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो, त्यामुळे वरील टाकीला रोज 440 मिलिलिटर निवळी लागेल. ती बाष्पीभवनाने उडालेल्या पाण्याच्या जागीच घालायची असते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत झाकलेल्या टाकीतून तेवढे पाणी उडेलच असे नाही.

यंत्र तयार झाले तरी पहिला आठवडा नळी टाकीत सोडू नये. तिचे तोंड मोजपात्रात ठेवावे, त्या सात दिवसांत मुद्दाम चार-पाच वेळा वीज घालवून पाहावी, आणि आठव्या दिवशी पात्रात 126 मिलिलिटर भरले आहेत का ते पाहावे. पुढेही दर महिन्याला पंपाचा मिनिटाचा वेग मोजपात्रात तपासून घ्यावा. नळी चेपत जाते तसा तो घटतो.